बेंबीवरचा राजा

माझा नातू नेपल्सला शिकतो. गेल्या ईस्टरला आला तेव्हा लिलावाच्या पुस्तकातून फाडलेलं एक पान त्यानं माझ्यापुढे धरलं. पानावर चांदीचं नाणं होतं, खऱ्या आकाराचं. कुरळे केस, गालांवर कुरळे कल्ले, लठ्ठ मान. खाली लिहिलं होतं, नेपल्सचं राज्य, चांदी, अतिशय दुर्मीळ. आणि पुढे अशी किंमत, की तेवढ्यात आमच्या पेत्राराच्या वरच्या आळीतली दोन घरं यावीत. नातू म्हणाला, "आजी, म्हातारी माणसं सांगतात, असलं एक आपल्या गावात होतं म्हणे. तू पाहिलंयस?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा. गावाला काय, बोलायला काहीही लागतं."

या नाण्याबद्दल खोटं बोलायला मला कष्ट पडत नाहीत, बेचाळीस वर्षांची सवय आहे. पण जाताना तो ते पान टेबलावर विसरून गेला, आणि दोन दिवस तो कुरळ्या राजा माझ्याकडे बघत राहिला. म्हणून सावेरियाची हकीकत सांगायला बसलेय. माझीही थोडी सांगावी लागेल, त्याला इलाज नाही.

सावेरिया मुस्कारी आमची सुईण. बुटकी, रुंद, मनगटं पुरुषासारखी, अंगाला कायम ऑलिव्हच्या तेलाचा आणि साबणाचा वास. लग्नानंतर आठ महिन्यांनी नवरा अर्जेंटिनाला गेला. तिकडून एकच पत्र आलं, त्यात त्याचा हॅट घातलेला फोटो. सावेरियानं तो धुण्याच्या कुंडावर सगळ्या बायकांना दाखवला, म्हणाली, "हॅट छान आहे," आणि पुन्हा नवऱ्याचं नाव काढलं नाही. स्वतःचं मूल झालं नाही. कुणी कळवळा दाखवायला गेलंच, तर म्हणायची, "मला सहाशे झालीत, आणि एकालाही जेवू घालावं लागत नाही. तू तुझं बघ."

घरात शिरली की तिचं पहिलं काम गाठी सोडायचं. घरात कुठे गाठ राहिली तर मूल अडतं, अशी आमच्याकडे समजूत. ती पिठाच्या पोत्याचं तोंड उघडायची, ट्रंकांची कुलपं काढायला लावायची, कोपऱ्यात बूट दिसले तर त्यांच्या नाड्या सोडायची. मग सासूकडे वळायची.

"आजीबाई, अंबाडा सोडा."

"या वयात? शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"नातू अडकलाय तुमच्या केसांत. सोडा म्हणते ना!"

मोकळे केस घेऊन सासू शरमेनं स्वयंपाकघरात जाऊन बसायची ती मूल होईपर्यंत बाहेर यायची नाही. गाठींचं खरंखोटं देव जाणे, पण सासू खोलीबाहेर गेली की बाईला मनमोकळं ओरडता येतं, एवढं मी स्वतः अनुभवलंय.

पैसे ती घेत नसे. अंडी, सुके अंजीर, डुक्कर मारलं की त्याचा एखादा तुकडा, घरी केलेला साबण. तिला खरी मिळकत एकाच शब्दाची होती. आमच्याकडे जी बाई तुमचं मूल पहिल्यांदा हातात घेते, ती तुमची कुम्मारे होते. सख्ख्या बहिणीशी भांडण चालतं, कुम्मारेशी भांडण म्हणजे पाप. त्यामुळे अख्खं गाव तिला कुम्मारे म्हणायचं. रस्त्यानं चालली की या दारातून "कुम्मारे, कॉफी घेऊन जा", त्या खिडकीतून "कुम्मारे, पोराला जरा बघ गं". तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. पाद्रीसुद्धा कुम्मारेच म्हणायचा, त्यालाही पहिल्यांदा हातात तिनंच घेतलं होतं.

आता नाण्याचं. नाळ गळून पडली की बाळाची बेंबी फुगू नये म्हणून तिच्यावर चांदीचं नाणं बांधायचं, ही सगळ्या कालाब्रियाची रीत. ज्याच्या घरी जे असेल ते बांधावं. पेत्रारात मात्र सगळ्यांना सावेरियाचंच नाणं लागायचं, जुना चांदीचा पियास्त्रा. तिच्या आजीच्या आजीला कुणा अंमलदाराच्या बायकोनं बाळंतपणाचं म्हणून तो दिलेला. फ्रान्सहून येऊन नेपल्सच्या गादीवर बसलेल्या राजाचा. शेवटी त्याला आमच्याच किनाऱ्यावर गोळ्या घातल्या. सात वर्षं राज्य केलं बिचाऱ्यानं, नाणी ती किती पाडणार? पण हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक! आम्ही त्याला कुरळ्या म्हणायचो. "कुरळ्या कुणाकडे आहे?" "खालच्या आळीत, लोहाराच्या सुनेकडे." पोस्टमनपेक्षा जास्त घरं त्यानं पाहिली होती.

सावेरिया त्याला लिननच्या पिशवीत घालून चारी बाजूंनी शिवायची. टाके असे बारीक, की मुंग्यांची रांग वाटावी. एका अंगाला लाल दोरा, ती राजाच्या तोंडाची बाजू. मुलगा असला तर राजाचं तोंड बेंबीकडे, मुलगी असली तर मुकुट आणि ढाल असलेली मागची बाजू. मुलींना राजाचं तोंड का नाही, असं मी एकदा विचारलं. "पुरुषांची तोंडं तिला पुढे जन्मभर बघायचीच आहेत," सावेरिया म्हणाली. नाण्याला राख लावायची नाही, लिंबू लावायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही, ही तिची ताकीद. फक्त तेलाचं बोट. म्हणून दीडशे वर्षांनीही राजाच्या कल्ल्याचा केस न् केस मोजता यायचा.

कुरळ्या एका बाळाकडे राहायचा तो पुढच्या बाळाची नाळ गळेपर्यंत, फार तर चाळीस दिवस. हलवायचा दिवस आला की सावेरिया पहिल्या आईसमोर शिवण उसवायची, नाणं तिच्या तळहातावर ठेवायची. आई राजाला ओठ लावायची. मग पिशवी उकळून, दुसऱ्या आईसमोर पुन्हा शिवायची. दोन आयांच्या डोळ्यांदेखत राजा या घरातून त्या घरात जायचा. आजी-पणजीपासून यात एकदाही खंड पडला नव्हता.

माझा नवरा कोसिमो तांबट. गावात एकटाच. त्याचे वडील तांबट, आजोबा तांबट. एक्कावन्न साली निकास्त्रोच्या बाजारातून अॅल्युमिनियमची भांडी गावात आली. हलकी, चकचकीत, कल्हईची कटकट नाही. वर्षभरात आमची भट्टी थंड झाली. लोक तांब्याची घंगाळी, कढया मोडीत देऊ लागले, आणि कोसिमो स्वतःच्याच वडिलांनी घडवलेली भांडी चेपून भंगारवाल्याच्या गाडीत टाकू लागला. रोज संध्याकाळी रानातली कडू भाजी उकडून खायची आणि एकमेकांवर खेकसायचं. बावन्नच्या मार्चमध्ये मला दुसरा मुलगा झाला. आठव्या दिवशी नाळ गळाली, आणि कुरळ्या आमच्या घरी आला.

महिनाअखेरीला भंगारवाला तांबं न्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, जुनी नाणी असली तर काढून ठेव. नेहमीचे पियास्त्रे कवडीमोलाचे, पण कुरळ्या राजाचा मिळाला तर ऐंशी हजार लिरे देतो. कोसिमो घरात आला तेव्हा मी पोराचं अंग पुसत होते. तो पोराच्या पोटाकडे बघत उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आपल्या पोराच्या पोटावर दुकान बांधलेलं आहे," तो म्हणाला.

दोन दिवस आम्ही भांडलो. तिसऱ्या दिवशी त्यानं तांब्याच्या पत्र्याची गोल चकती कापली, तिच्यावर कल्हई चढवली, आणि उसवलेल्या पिशवीसकट माझ्या मांडीवर ठेवली. सासू रोज पिशवी चाचपायची, तिला रिकामी लागली असती. "चाळीस दिवस होत आले की धुण्याच्या कुंडात वाहून गेली म्हणू," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू. सावेरिया काय, दोन दिवस ओरडेल."

मी शिवली. मुंगीच्या रांगेसारखे टाके मला सावेरियानंच शिकवले होते, मी बारा वर्षांची असताना, तिच्या उंबऱ्यावर बसवून. कोसिमोनं माझ्यावर जबरदस्ती केली असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल. पण मला दुकान हवं होतं. उकडलेल्या भाजीचा मला वीट आला होता, हे खरं कारण.

आणि मग खालच्या आळीतली तेक्ला दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगाच. जन्मल्यापासून किंचाळत होता, किंचाळून किंचाळून बेंबी अक्रोडाएवढी बाहेर आलेली. गुड फ्रायडेच्या सकाळी सावेरिया धापा टाकत आमच्या दारात आली.

"ओर्सोला, कुरळ्या दे. तेक्लाचं पोर फुटेल आता."

गुड फ्रायडेला आमच्याकडे सुई धरत नाहीत, कात्री धरत नाहीत. त्या दिवशी घातलेला प्रत्येक टाका ख्रिस्ताच्या अंगात शिरतो म्हणतात. सावेरियानं पिशवी उलटसुलट केली. लाल दोरा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. "मुलाकडून मुलाकडे जातोय, बाजू बदलायला नको. आज उसवता येत नाही, रविवारनंतर बघू." पोराच्या पोटावरून पिशवी सोडवून तिनं ॲप्रनखाली धरली. तेव्हा मी तोंड उघडू शकले असते. घरात ती आणि मी, आणखी कुणी नव्हतं. मी म्हटलं, "कुम्मारे, थांब, शाल घे, वारा आहे." आणि तिच्या खांद्यांवर माझी शाल घातली.

ईस्टरनंतरच्या बुधवारी तेक्लाच्या बाळाची बेंबी हिरवी झाली. घामानं, तेलानं, शूनं कल्हई उडाली होती आणि खालचं तांबं कळकलं होतं. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, इथे ते बाळाच्या ओल्या बेंबीवर झालं. ताप चढला. खालच्या गावाहून डॉक्टर आला. त्यानं कात्रीनं पिशवी कापली आणि हिरवी पडलेली चकती तेक्लाच्या चादरीवर पडली. आळीतल्या दहा-बारा बाया दारात उभ्या होत्या.

तेक्लाची सासू ओरडली, "हा कुरळ्या? चाळीस वर्षं आमच्या पोरांच्या पोटावर हेच बांधत होतीस होय गं?"

सावेरियानं चकती उचलली, नाकाशी नेली. "हे तांबं आहे. वर कल्हई."

"मग राजा कुठाय? विकलास? अर्जेंटिनाला नवऱ्याला पाठवलास की काय?"

बाया हसल्या. तेक्ला रडत होती, आणि तिच्या रडण्यात त्या हसल्या, हे मला नंतर तेक्लानंच सांगितलं.

संध्याकाळी पाद्र्याच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. टेबलामागे पाद्री ग्रेगोरिओ, शेजारी तेक्लाचा नवरा, टोपी हातात चुरगाळत. कोपऱ्यात मी, छातीशी पोर, आणि माझ्या बाजूला कोसिमो. कल्हई म्हटल्यावर गावात दुसरं कुणाकडे बोट जाणार? पण कोसिमोनं उत्तर तयार ठेवलं होतं.

"चकती मीच केली," तो म्हणाला. "लपवायचं काय त्यात? सावेरियानं लेंटच्या उपासांआधी मागितली होती. म्हणाली, चुलीच्या धुराड्याला भोक पडलंय, एवढ्याशा मापाची दे. मी दिली. पैसेसुद्धा घेतले नाहीत."

सावेरिया त्याच्याकडे बघतच राहिली. रागावलीसुद्धा नाही. एखाद्या मुलानं भलतंच काही बोलावं तसं तिला वाटलं असावं. मग ती पाद्र्याकडे वळली. "ओर्सोलाला विचारा. पिशवी तिच्या घरून आणली मी. ती माझी कुम्मारे आहे, ती खोटं बोलायची नाही."

पाद्री ग्रेगोरिओनं मला विचारलं, "ओर्सोला, तुझा नवरा म्हणतो तसं झालं का? सावेरियानं चकती मागितली होती?"

मी मान हलवली. शब्द एकही काढला नाही, नुसती मान हलवली, वरून खाली. कोसिमोला तुरुंगात टाकतील, पोरं उपाशी मरतील, असं काहीबाही माझ्या डोक्यात होतं. ते सगळं खरंही होतं. तरी मान माझीच होती.

टेबलावर कापलेली पिशवी पडली होती. सावेरियानं ती हातात घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्यानं टाके चाचपले. मग घडी करून ॲप्रनच्या खिशात घातली आणि कुणाचा निरोप न घेता बाहेर पडली.

तेक्लाचं बाळ वाचलं. आज तो चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस आहे आणि नगरपालिकेत शिक्के मारतो. पण तो वाचला म्हणून सावेरियाला काही सुटका मिळाली नाही. कचेरीतून कागद आला, परवाना नसलेल्या बाईनं बाळंतपण करू नये. कागद आधीही येत होते, दर दोन वर्षांनी. तेव्हा बायकाच कचेरीत जाऊन कारकुनाला धारेवर धरायच्या. या वेळी कुणी गेलं नाही. सरकारी सुईण दोरिना, उत्तरेकडची शिकलेली पोरगी, तिला बोलावणी जाऊ लागली. वाईट नव्हती ती. हात थंड होते एवढंच, आणि गाठी सोडत नसे.

तो शब्दही त्याच आठवड्यात गेला. कुणी ठरवून काढला नाही. कुंडावर एकीनं "सावेरिया, जरा सरक" म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच म्हणू लागल्या. ज्यांना तिनं पाय धरून जगात ओढून काढलं होतं, त्या काल-परवाच्या पोरीसुद्धा. कॉफीला बोलावणारी दारं ती गेल्यावर उघडायची. बासष्ट वर्षांची बाई दुसऱ्यांच्या बागांत ऑलिव्ह वेचायला जाऊ लागली. मी पहिल्यापासून तिला टाळलं. समोरून येताना दिसली की मी गल्ली बदलायचे.

आमचं दुकान झालं. तीन पिढ्या तांबं ठोकणाऱ्या घराण्यानं अॅल्युमिनियमचं दुकान काढलं, आणि चाललंही झकास. बाहेर पातेल्यांची माळ टांगलेली, वाऱ्यानं खणखणायची. लोक मला दोन्ना ओर्सोला म्हणू लागले. आधी हा मान डॉक्टरच्या बायकोला होता.

पंचावन्नच्या नोव्हेंबरात मला तिसऱ्या खेपेच्या कळा लागल्या. दोरिना सकाळच्या बसनं शहरात गेलेली. दुपार झाली, मूल पायाळू, एक पाय बाहेर आणि पुढे काही हलेना. माझी सासू, जिनं सावेरियाच्या नावानं तीन वर्षं बोटं मोडली होती, तीच म्हणाली, "कोसिमो, जा, तिला घेऊन ये. तोंड काळं करून बसायला मागून वेळ आहे."

तो गेला. काय बोलला तिच्याशी, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, काही नाही, झाडाखाली जाऊन उभा राहिलो, तिनं टोपली खाली ठेवली.

ती आली तेव्हा हात ऑलिव्हच्या रसानं काळे झाले होते. दारातच म्हणाली, "तांबटाला बाहेर काढा. आणि गरम पाणी." सासूनं न सांगता स्वतःच केस सोडले. सावेरियानं ट्रंका उघडल्या, पोतं उघडलं, माझ्या गळ्यातली साखळीसुद्धा काढून ठेवली. मग ते हात. तीन वर्षं दगडधोंड्यांत काम करून खरखरीत झालेले, पण कुठे थांबायचं ते न विसरलेले. "आता ढकलू नकोस. ढकलू नकोस म्हणते ना, गाढवी! हं, आता." तासाभरात मुलगी झाली. निळी. सावेरियानं तिच्या तोंडात फुंकर घातली, पाठीवर थापट्या मारल्या, आणि ती रडली.

सासू पाणी फेकायला बाहेर गेली. मी सावेरियाचा हात धरला. "कुम्मारे," मी म्हटलं, "कुम्मारे, मला माफ कर."

"टाके चांगले घातले होतेस," ती म्हणाली. "क्षणभर मला माझेच वाटले. पण तू शेवटच्या टाक्याला दोरा दोनदा फिरवतेस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी."

म्हणजे त्या दिवशी पाद्र्याच्या खोलीत तिला कळलं होतं. मी रडायला लागले. ती मुलीला गुंडाळत होती, तिनं वर पाहिलं नाही.

"माफी घेऊन मी काय करू? ऐक. चाळीस दिवसांनी तू मुलीला घेऊन चर्चला जाशील. प्रार्थना झाल्यावर बायका पायऱ्यांवर थांबतात. तिथे सगळ्यांसमोर मला एकदा हाक मार. जशी पूर्वी मारायचीस तशी. चकतीचं बोलू नकोस, नवऱ्याचं नाव घेऊ नकोस, मला कुणाला तुरुंगात नाही घालायचं. एकदा कुम्मारे म्हण. बायकांना तेवढं पुरेल. तू म्हटलंस म्हणजे कळेल त्यांना."

"म्हणेन," मी म्हटलं. "मुलीची शपथ."

जानेवारीतला रविवार होता तो, कोरडा, उन्हाचा. चर्चमधून बाहेर आले तेव्हा पायऱ्यांवर सगळ्या होत्या. तेक्ला, तेक्लाची सासू, लोहाराची सून, कचेरीतल्या कारकुनाची बायको. कोसिमो माझ्या कोपराला धरून, नव्या कोटात. सावेरिया खालच्या पायरीवर उभी होती. तिनं लग्नातली शाल पांघरली होती, केस पाण्यानं चापून बसवले होते. इतर बायकांपासून दोन हात लांब, मी येईन तिथे बरोबर. मुलीकडे बघून ती थोडी हसली. मग माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, एक शब्द तर आहे. पण तो शब्द निघाला की तेक्लाची सासू विचारणार, आता का? तीन वर्षांनी आजच का? मग चकती निघणार, कल्हई निघणार, ऐंशी हजार निघणार, टांगलेली पातेली एकेक करून निघणार. कोसिमोनं माझं कोपर दाबलं. त्याला काही ठाऊक नव्हतं, त्याला नुसतं घरी जायचं होतं.

"नमस्कार, सावेरिया," मी म्हटलं.

हसू अजून तिच्या चेहऱ्यावर होतं, ते काढायचं राहून गेल्यासारखं. मग डोकं किंचित लववून म्हणाली, "नमस्कार, दोन्ना ओर्सोला," आणि पायऱ्या उतरून गेली. बायका पुन्हा बोलू लागल्या. कारकुनाच्या बायकोनं मुलीचं नाव काय ठेवलं ते विचारलं. सासूचं ठेवलंय, मी सांगितलं.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, आमच्यापासून चौथ्या दारात. त्या नऊ वर्षांत आमच्या दुकानात एकदाच आली, ऑगस्टमधल्या दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना. एकटीपुरतं लहान पातेलं हवं म्हणाली, जुन्याला भोक पडलंय. कोसिमो वर झोपला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी दुकानातलं सगळ्यात चांगलं, जाड बुडाचं पातेलं काढलं, कागदात गुंडाळलं. तिनं नाणी गल्ल्यावर ठेवली, मी ती तिच्याकडे सरकवली. दहा वर्षं आत दाबून ठेवलेलं ते एकदाचं बाहेर पडलं.

"राहू दे, कुम्मारे."

सावेरियानं पातेलं काखेत घेतलं. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग दारातून रिकाम्या रस्त्याकडे. नाणी पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

"इथे कुणी नाहीये, ओर्सोला," ती म्हणाली. "कुणाला हाक मारतेस?"